इंडोनेशियाला स्वातंत्र्य कोणी दिलं?

बालीला जाऊन आलेल्यांच्या तोंडून आणि स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतून एक वाक्य सारखं कानावर येतं: 1949 मध्ये डचांनी इंडोनेशियाला स्वातंत्र्य दिलं. बालीच्या ज्या विमानतळावर आपले पर्यटक उतरतात, त्याला गुस्ती न्गुराह राय यांचं नाव आहे. डच फौजेशी लढताना 20 नोव्हेंबर 1946 रोजी मार्गा इथे हा एकोणतीस वर्षांचा अधिकारी आपल्या 95 साथीदारांसह मारला गेला. डच स्वातंत्र्य देणारच होते, तर हे शहाण्णव जण कशासाठी मेले?

घटनाक्रम नीट पाहा. इंडोनेशिया व्यापलेल्या जपानच्या शरणागतीनंतर दोन दिवसांनी, 17 ऑगस्ट 1945 रोजी, राष्ट्रवादी नेते सुकार्नो आणि हट्टा यांनी जकार्तात स्वातंत्र्याची घोषणा केली. डच परतले ते आपली वसाहत पुन्हा ताब्यात घ्यायला. 1946 च्या लिंगाजाती करारात जावा, सुमात्रा आणि मादुरा इथली प्रजासत्ताकाची सत्ता त्यांनी मान्य केली आणि जुलै 1947 मध्ये त्याच प्रदेशावर चाल केली. जानेवारी 1948 मध्ये रेनव्हिल करार झाला, तोही डचांनी डिसेंबरात मोडला. प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकर्ता त्यांनी हवाई हल्ला करून घेतली आणि सुकार्नो-हट्टांना अटक केली.

या मोहिमांना डच सरकार ‘पोलीस कारवाई’ म्हणत असे. एक लाखाहून जास्त सैनिक समुद्रापार धाडायचे, विमानं आणि तोफा वापरायच्या आणि वर ही पोलिसांची कारवाई म्हणायची! मामला घरचा ठरला की संयुक्त राष्ट्रांना त्यात बोलता येत नाही, हा त्यामागचा हिशेब. पश्चिम जावातल्या रावागडे गावात 9 डिसेंबर 1947 रोजी डच जवानांनी पुरुषांना उभं करून गोळ्या घातल्या. त्यांच्या विधवांना हेगच्या न्यायालयात दाद मिळाली 2011 मध्ये. यावर शंका असेल त्यांनी डचांचाच पुरावा वाचावा. नेदरलँड्समधल्या तीन संशोधन संस्थांनी मिळून केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष फेब्रुवारी 2022 मध्ये जाहीर झाला: डच सैन्याने सर्रास अतिरेकी हिंसा केली आणि वरिष्ठांनी तिच्याकडे काणाडोळा केला. पंतप्रधान मार्क रुटे यांनी त्याच दिवशी माफी मागितली.

राजधानी पडली तरी गनिमी लढाई थांबली नाही. क्षयाने खंगलेले सेनापती सुदिरमान डोलीतून डोंगर पालथे घालत राहिले. सुरक्षा परिषदेचा दबाव वाढला, युद्धोत्तर पुनर्बांधणीसाठी मिळणारी अमेरिकेची मार्शल मदत थांबेल ही धास्तीही होती. या कोंडीत सापडल्यावर 27 डिसेंबर 1949 रोजी डचांनी सार्वभौमत्व सोडलं. जाताना चार अब्ज गिल्डरहून अधिक कर्ज नव्या देशाच्या माथी मारलं. ज्या मोहिमांत इंडोनेशियन मारले गेले, त्यांचाही खर्च त्यात होता. याला ‘स्वातंत्र्य दिलं’ म्हणणं मला तरी ऐकवत नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. स्वातंत्र्य ही जपानची देणगी, असं काहीजण सांगतात. जपानने वचन दिलं होतं हे खरं, पण शरणागतीनंतर परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा दोस्त राष्ट्रांचा हुकूम त्याच्यावर होता आणि घोषणा त्यानंतरची आहे. लढा फक्त डचांशी झाला, हेही चूक. नोव्हेंबर 1945 मधली सुराबायाची भीषण लढाई ब्रिटिशांशी झाली आणि त्यांच्या बाजूने लढलेले बहुतेक जवान भारतीय होते, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचेही. काहीशे भारतीय सैनिक पुढे इंडोनेशियनांना जाऊन मिळाले. इंडोनेशिया स्वतंत्र होताना भारत नुसता बघत राहिला नाही: वैमानिक बिजू पटनाईक यांनी 1947 मध्ये इंडोनेशियाचे नेते शाहरीर यांना विमानाने देशाबाहेर काढलं आणि जानेवारी 1949 मध्ये नेहरूंनी या प्रश्नावर दिल्लीत आशियाई परिषद बोलावली.

आणि ‘1945 काय नि 1949 काय, तारखेने काय फरक पडतो’ म्हणणाऱ्यांसाठी: 17 ऑगस्ट 1945 ही स्वातंत्र्याची तारीख आपल्याला पूर्णपणे मान्य आहे, असं डच पंतप्रधान संसदेत म्हणाले जून 2023 मध्ये.