आकाशाला रंग दिले, खालच्या माणसाचे काय?

नाशिकच्या गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर प्रशिक्षणाचा तळ आहे, तोही ऐन लोकवस्तीत. आजूबाजूच्या लोकांना त्या घरघरीची सवय झालेली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये या तळावर एक अनोळखी ड्रोन घिरट्या घालून गेला. गुन्हा दाखल झाला, बंदोबस्ताची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण चिंता कुणाची झाली? तळाची आणि हेलिकॉप्टरची! पत्र्याच्या घरात झोपणाऱ्याची चिंता कायद्याने कितपत केली आहे, हे आम्ही वकिलाच्या नजरेने तपासून पाहिले.

केंद्राची ड्रोन नियमावली २५ ऑगस्ट २०२१ ची. तिने आकाश हिरवे, पिवळे, लाल असे वाटून टाकले. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही; विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. सारे अंतर विमानतळापासून मोजलेले. खाली द्राक्षबाग आहे की झोपडपट्टी, याचे माप त्या फूटपट्टीवर नाही.

या नियमावलीत एक गोष्ट मात्र गरिबाच्या कामाची आहे. ड्रोनच्या विम्याला व नुकसानभरपाईला मोटार वाहन कायदा लागू केला आहे. (अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला विम्यातून सूट आहे.) त्या कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा हरकतींसाठी मांडला. त्यात हेच आकडे अडीच लाख आणि १ लाख! ट्रकखाली मेला तर ५ लाख, ड्रोनखाली मेला तर निम्मे. राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जीविताची किंमत वाहन पाहून ठरते काय?

शिवाय भरपाई मागायची कुणाकडे? अपघाताची खबर ४८ तासांत सरकारी संकेतस्थळावर द्यायची, ती उडविणाऱ्याने. तो पळालाच तर? लष्कराच्या तळावरचा ड्रोन जिथे अनोळखी ठरतो, तिथे मोलमजुरी करणाऱ्या बाईने नोंदणी क्रमांक कुठून आणायचा? अज्ञात वाहनाने ठोकरले तर मृताच्या वारसांना २ लाख देणारी योजना आहे. अज्ञात ड्रोनसाठीही तशीच हवी.

हा प्रश्न पुढे ढकलण्याजोगा नाही. २०२७ मध्ये नाशिकला कुंभमेळा आहे. गर्दीवर नजर ठेवायला ड्रोन लागतील, त्याला आमचा विरोध नाही. पण २७ ऑगस्ट २००३ रोजी याच शहरात कुंभाच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ जीव गेले, हे आम्ही विसरलेलो नाही. तशा गर्दीत एखादे यंत्र कोसळले तर त्याच्या वजनापेक्षा पळापळीनेच अधिक माणसे मरतील. म्हणून गोदाघाटावर ड्रोन कोण उडविणार, कोणत्या वाटेने, विमा कुणाचा आणि तक्रार कुठे करायची, हे जिल्हा प्रशासनाने आधीच मराठीत छापून वस्त्यावस्त्यांत लावावे. तसा अर्ज आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहोत. ज्यांना सही करायची असेल त्यांनी यावे.