भूतानमधील झोंग : स्थापत्य, इतिहास आणि पुनर्बांधणीची परंपरा

बीजशब्द : झोंग, भूतान, दुहेरी शासनव्यवस्था, पारंपरिक स्थापत्य, वारसा-जतन.

प्रस्तावना :
पूर्व हिमालयातील भूतान या देशात किल्ला, बौद्ध मठ आणि शासकीय कचेरी या तिन्ही संस्था एकाच वास्तूत नांदताना दिसतात. या वास्तूस ‘झोंग’ असे म्हणतात. जगातील बहुतेक जुने किल्ले आज केवळ अवशेषरूपाने उरले आहेत. भूतानमधील प्रमुख झोंग मात्र आजही जिल्हा प्रशासनाचे केंद्र व भिक्षुसंघाचे निवासस्थान आहेत. वारंवार आगीत व भूकंपात सापडूनही या वास्तू कशा टिकल्या, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
झाबद्रुंग न्गावांग नामग्याल हे द्रुक्पा पंथाचे धर्मगुरू इ.स. १६१६ मध्ये तिबेटमधून भूतानमध्ये आले. त्यांनी १६२९ मध्ये सिमतोखा येथे झोंग उभारला. त्यानंतर फो छू व मो छू या नद्यांच्या संगमावर पुनाखा (१६३७-३८), पुढे वांगदू फोद्रांग (१६३८) आणि १६४० च्या दशकात पारो व त्रोंगसा येथे झोंग बांधण्यात आले. तिबेटी स्वाऱ्या परतवून लावणे व विखुरलेल्या खोऱ्यांना एका सत्तेखाली आणणे, असा यामागे दुहेरी हेतू होता. कर धान्यादी वस्तूंच्या रूपाने झोंगच्या कोठारांत जमा होई. झाबद्रुंग यांनी धार्मिक कारभार जे खेन्पो यांच्याकडे व ऐहिक कारभार देसी यांच्याकडे सोपविला. १७ डिसेंबर १९०७ रोजी उग्येन वांगचुक यांचा राज्याभिषेक पुनाखा येथेच झाला आणि वंशपरंपरागत राजेशाही सुरू झाली. देसीपद संपुष्टात आले; परंतु झोंगमधील मठ व कचेरी यांचे सहवास्तव्य कायम राहिले.

स्थापत्यरचना :
झोंगची रचना या दुहेरी व्यवस्थेचे प्रतिबिंबच होय. मध्यभागी ‘उत्से’ हा मंदिरे सामावणारा उंच मनोरा असतो. त्याच्या आसपासच्या फरसबंद अंगणांमुळे भिक्षूंचा विभाग व प्रशासकीय विभाग वेगळे राखले जातात. दगडी किंवा ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या जाड भिंती वर जाताना आत कलत जातात. त्यामुळे पाया रुंद राहून भार खाली नीट पोहोचतो. खालच्या भागात संरक्षणासाठी अगदी अरुंद झरोके, तर वर कोरीव लाकडी गवाक्षे असतात. पांढऱ्या भिंतीवरील तांबडा पट्टा वास्तूचे पावित्र्य सूचित करतो. लाकडी सांधे परंपरेने खिळ्यांवाचून खाचा व कुसे यांच्या साहाय्याने जोडले जात. विशेष म्हणजे हे सारे लेखी आराखड्याशिवाय, मुख्य कारागिराच्या स्मरणातील प्रमाणांनुसार उभे राही.

आपत्ती व पुनर्बांधणी :
लाकडाचा मुबलक वापर आणि अखंड तेवणारे लोण्याचे दिवे यांमुळे झोंगना अग्नीचे भय नित्याचेच होते. पारोचा झोंग १९०७ मध्ये जळाला. १८९७ च्या आसाम भूकंपाने पुनाखासह अनेक झोंगांची हानी केली. १९९४ मध्ये हिमनदी-सरोवर फुटून आलेल्या पुराचा तडाखा पुनाखाला बसला. २४ जून २०१२ रोजी वांगदू फोद्रांग झोंग आगीत जवळजवळ पूर्णतः नष्ट झाला. भारत सरकारच्या आर्थिक साहाय्याने तो पुन्हा उभारण्यात आला व नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची पुनःप्रतिष्ठा झाली. या बांधकामात पारंपरिक कारागिरीला भूकंपरोधक उपायांची जोड देण्यात आली. याउलट १९५१ मध्ये जळालेला द्रुकग्येल झोंग सहा दशकांहून अधिक काळ भग्नावस्थेत राहिला. त्याची पुनर्बांधणी २०१६ मध्ये हाती घेण्यात आली.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. भिंती व तुळया नव्या असतील, तर वास्तू प्राचीन कशी म्हणावी? केवळ मूळ दगड-लाकडाला प्रमाण मानल्यास वांगदूचा झोंग २०१२ मध्येच संपला असे म्हणावे लागेल. परंतु तीच जागा, तोच विन्यास, तेच विधी आणि तीच कारागिरी विचारात घेतल्यास परंपरा खंडित झाली, असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष :
१. झोंग हे धर्मसत्ता व राजसत्ता यांच्या सहअस्तित्वाचे स्थापत्यरूप आहे.
२. झोंगचे सातत्य मूळ साहित्यापेक्षा बांधकामाच्या ज्ञानावर व अखंड वापरावर अवलंबून आहे.
३. म्हणूनच जतनाच्या धोरणात वास्तूइतकेच कारागिरांच्या प्रशिक्षणालाही स्थान मिळणे अगत्याचे आहे. जळालेला झोंग पुन्हा बांधता येतो. परंतु तो बांधणारे हातच उरले नाहीत, तर ती हानी भरून निघणारी नाही.