मृत्यूनंतरची तपासणी

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत तीव्र न्यूमोनियाने माणसे दगावू लागली आणि लक्षावधी लोकांनी शहर सोडले. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. सुरतेतला रोगही प्लेगच की दुसरे काही, हा वाद मात्र दीर्घकाळ चालला. शवपरीक्षेचे मोल अशा वेळी कळते.

अपघाती वा संशयास्पद मृत्यूत ती पोलिसांच्या मागणीवरून होते. तेथे आप्तांच्या संमतीचा प्रश्न नसतो. रोगाचा शोध घेण्यासाठी केलेल्या वैद्यकीय शवपरीक्षेला मात्र ती संमती लागते. ती मागायची कोणी? शोकाकुल मुलासमोर हा शब्द उच्चारताना माझीही जीभ अडखळली आहे. देहाची विटंबना होईल ही भीती स्वाभाविक आहे, पण अनाठायी. छेद शिवून देह परत दिला जातो, चेहरा जसाच्या तसा राहतो.

प्रत्येक अवयव तोलून पाहतात. निरोगी फुप्फुस स्पंजासारखे हलके, तर न्यूमोनियाने भरलेले यकृतासारखे घट्ट लागते. सूक्ष्मदर्शकासाठी तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. जंतू वाढवून ओळखायचे असतील तर त्यासाठीचा तुकडा आधीच निर्जंतुक पात्रात वेगळा काढावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतूही मरतात. एवढे विसरले, की तो पुरावा कायमचा गेला! संसर्गाचा धोका मोठा असेल तेथे देह न उघडता सुईने फुप्फुसाचा अंश घेतात.

सुरतेच्या रुग्णांच्या थुंकीतून वाढवलेल्या जंतूंची पुढे जनुकीय तपासणी झाली आणि ते प्लेगचेच असल्याची खूण पटली.