मापात पाप : स्वस्त इलेक्ट्रॉनिक वस्तूंची कसोटी

किराणा दुकानातल्या तराजूवर वैधमापन यंत्रणेचा शिक्का असतो आणि तो ठरावीक मुदतीने नव्याने घ्यावा लागतो. 1956च्या कायद्याने शेर-पायलीच्या जागी किलो-लिटर आले, पण शिक्क्यामागचे तत्त्व तेच राहिले : माप विकणाऱ्याचे असले तरी त्याची साक्ष तिसऱ्याने द्यायची. 'मापात पाप' हा आपल्याकडचा जुना शब्दप्रयोग आहे. ते पाप पकडायला दुसरे, खरे माप हाताशी लागते. बॅटरीवर छापलेले मिलिअँपिअर-अवर किंवा मेमरी कार्डावरचे जीबी तपासायला असे दुसरे माप किती घरांत असते?

काही वर्षांपासून मी ऑनलाइन बाजारातून स्वस्त इलेक्ट्रॉनिक वस्तू मागवून तपासतो आहे. मी अभियंता नाही. लॅमिंग्टन रोडवरची दुकाने, जुनी तांत्रिक पुस्तके आणि दुरुस्ती करणाऱ्यांची संगत एवढीच माझी शाळा. साधने म्हणाल तर एक भरवशाचा मीटर, सोनारी वजनकाटा आणि विद्युतभार देणारे एक छोटे यंत्र. एवढ्या सामग्रीवर जे हाती लागले, त्यातून खोट्या दाव्यांचे तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार : निसर्गनियमांत न बसणारा आकडा

टॉर्चमध्ये आणि लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांमध्ये '18650' नावाचा लिथियम-आयन सेल असतो. नावातच माप आहे : व्यास 18 मिलिमीटर, लांबी 65 मिलिमीटर. नामांकित उत्पादकांच्या या आकाराच्या उत्तम सेलची क्षमता 3500 मिलिअँपिअर-अवरच्या आसपास असते आणि वजन 45 ते 50 ग्रॅम. म्हणजे किलोमागे साधारण 260 वॉट-तास ऊर्जा. बाजारात मात्र '9900' छापलेले सेल सर्रास मिळतात. तो आकडा खरा मानला तर किलोमागे 700 वॉट-तासांहून अधिक ऊर्जा त्यात बसवावी लागेल. लिथियम-आयनच्या संशोधनासाठी 2019 साली नोबेल मिळालेल्या तिघांनाही हे साधलेले नाही.

मी मागवलेला असा एक सेल काट्यावर 33 ग्रॅम भरला. पूर्ण भरून त्यातून सतत अर्धा अँपिअर प्रवाह काढला, तेव्हा तो दोन तास दहा मिनिटांत संपला. गुणाकार करा : सुमारे 1080 मिलिअँपिअर-अवर. छापील आकड्याचा नववा हिस्सा. येथे महागडे यंत्रही लागत नाही, वजनच चुगली करते.

दुसरा प्रकार : खरा, पण वेगळ्या पायावरचा आकडा

पॉवर बँकेवर 10000 मिलिअँपिअर-अवर लिहिलेले असते आणि फोनला त्याहून बरेच कमी मिळते. ही दर वेळी फसवणूक नसते. तो आकडा आतल्या सेलचा, म्हणजे 3.7 व्होल्टचा असतो. ऊर्जा होते 37 वॉट-तास. बाहेर येताना ती 5 व्होल्टवर चढवावी लागते. तेथे हिशेब 7400वर येतो आणि रूपांतरातली घट धरली की साडेसहा हजारांच्या आसपास. प्रामाणिक उत्पादक हा दुसरा आकडाही बारीक अक्षरांत छापतो. म्हणून पॉवर बँकेची तुलना वॉट-तासांत करावी.

तिसरा प्रकार : वाईट दिवशीच उघड होणारे खोटे

हा सर्वांत घातक. परिचयातल्या एका तरुणीने गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या ध्वनिचित्रमुद्रित केल्या. कार्ड 512 जीबीचे, ऑनलाइन घेतलेले. घरी आल्यावर फाइलींची नावे सगळी दिसत होती, पण पहिल्या 32 जीबीनंतरच्या फाइली उघडल्या की आत काही नाही. अनुक्रमणिका शाबूत आणि पुढची पाने कोरी, अशा पुस्तकासारखे. गाणाऱ्यांपैकी एक आजी तोवर गेल्या होत्या.

अशा कार्डात स्मृतीची चकती छोटी असते आणि तिच्यावरच्या नियंत्रक चिपला मोठा आकडा सांगायला शिकवलेले असते. संगणक विचारतो, ती खोटे उत्तर देते. मर्यादेपलीकडचा मजकूर ती एकतर टाकून देते किंवा आधीच्या मजकुरावर लिहिते. फाइलींची यादी सुरुवातीच्या भागात असल्याने ती टिकते. उपाय सोपा आणि फुकट आहे : 'एफ-थ्री' किंवा 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' यांसारखी प्रणाली संपूर्ण कार्ड भरून पुन्हा वाचून पाहते. वेळ लागतो, पण कोणतेही काम सोपवण्याआधी हे करावेच.

स्वस्त मल्टिमीटरची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. पिवळ्या रंगाचे दोन-अडीचशे रुपयांचे मीटर मी भरवशाच्या मीटरशी ताडून पाहिले. बॅटरीचा दाब बहुतेकांनी एका टक्क्याच्या आत अचूक दाखवला. कारण त्यांतली मूळ रचना 1970च्या दशकातल्या 7106 या चिपची आहे. अज्ञात दाबाने ठरावीक काळ धारित्र भरायचे, ज्ञात दाबाने ते रिकामे करायचे आणि दोन्ही काळांचे गुणोत्तर घ्यायचे. दोन्ही पारड्यांत तोच धारित्र आणि तेच घड्याळ असल्याने त्यांच्या बारीकसारीक चुका परस्पर कटतात. तेव्हा स्वस्त म्हणजे चुकीचे, हे समीकरण येथे टिकत नाही.

खोटे असते ते 'कॅट थ्री' या छाप्यात. त्याचा अर्थ, इमारतीच्या वितरण-फलकावर वापरण्याजोगा. 600 व्होल्टच्या या वर्गातल्या मीटरने 6000 व्होल्टचा क्षणिक झटका सोसला पाहिजे. आत उघडून पाहावे तर वाळूभरल्या सिरॅमिक फ्यूजऐवजी काचेची नळी, आणि 10 अँपिअरच्या खोबणीला फ्यूजच नाही. वाळू ठिणगीची कमान विझवते. काच फुटते आणि कमान चालू राहते. प्रवाहाच्या खोबणीत तार राहून गेली आणि टोके फलकाला लागली, तर मीटर शिकाऊ वायरमनच्या हातात फुटू शकतो. चार्जरचेही तसेच. आपल्या 230 व्होल्टचे शिखर 325 व्होल्ट असते. ते आणि आपल्या हातातला फोन यांच्यात फक्त काही मिलिमीटर अंतर आणि थोडे विद्युतरोधक असते. वाईट चार्जरही फोन रोज चार्ज करतोच.

मग ग्राहकाने काय करावे?

चार्जर, पॉवर बँक व लिथियम सेल यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवरचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकावा. क्रमांक सापडला एवढ्यावर थांबू नये. नाव, उत्पादन आणि आपली वस्तू जुळते का, तेही पाहावे. कारण दुसऱ्याचा क्रमांक छापणे फार सोपे. जुळले नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

खरेदीसाठी मी एक नियम पाळतो. बिघडल्यावर केवळ पैसे जाणार असतील, तर स्वस्त वस्तू बिनदिक्कत घ्यावी : डाग देण्याची पट्टी, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, बॅटरीवरचे प्रयोग करायला मीटर. बिघडल्यावर जीव किंवा पुन्हा न मिळणारी गोष्ट जाणार असेल, तेथे बिल देणाऱ्या ओळखीच्या दुकानातून, नोंदणी तपासून घ्यावी. ज्या घरात रात्रभर उशाशी फोन चार्ज होतो, तिथला चार्जर या दुसऱ्या यादीत येतो.