खर्ज सांभाळणारा बायल्स्मा

25 जुलै 2019 रोजी चेलोवादक आनर बायल्स्मा अॅमस्टरडॅममध्ये वारला. त्यानंतर त्याच्यावर जे काही छापून आलं, त्यात बाखच्या सहा चेलो सुइट अग्रभागी होत्या. ते ओघानेच आलं. 1979 साली त्याने त्या बरोक चेलोवर ध्वनिमुद्रित केल्या, आणि पुढे या सुइटचं कुणाचंही नवं ध्वनिमुद्रण निघालं की समीक्षक ते बायल्स्माच्या शेजारी ठेवून ऐकू लागले. पण त्याच्या चार-साडेचार दशकांच्या वाटचालीकडे पाहताना मला वाटतं, की या कौतुकात एक बाजू लंगडी राहिली. जगाने त्याला एकट्याने वाजवणारा म्हणून डोक्यावर घेतलं. त्याचा हात मात्र घडला होता दुसऱ्यांच्या साथीला बसून.

त्याचा जन्म 1934 चा, हेग शहरातला. 1959 मध्ये मेक्सिको सिटीत झालेल्या पाब्लो कासाल्स स्पर्धेत पहिलं बक्षीस आणि 1962 ते 1968 अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंदात प्रमुख चेलोवादक. एखाद्याने एवढ्या शिदोरीवर आयुष्य निवांत काढलं असतं. याच वर्षांत तो दुसरीकडेही वाजवत होता. रेकॉर्डरवादक फ्रान्स ब्रुखन, हार्प्सिकॉर्डवादक गुस्ताफ लेऑनहार्ट आणि व्हायोलिनवादक याप श्रोडर यांच्याबरोबरच्या ‘क्वाड्रो अॅमस्टरडॅम’ या चौकडीत तो होता, आणि ब्रुखन-लेऑनहार्ट जोडीबरोबर त्याने सतराव्या-अठराव्या शतकातल्या सोनाटांची रांग लावली होती.

या सोनाटांत चेलोवाल्याकडे काम असतं खालच्या ओळीचं. हार्प्सिकॉर्डचा डावा हात वाजवतो तीच ओळ चेलोने गजावर धरायची. ऐकायला सोपं वाटतं. पण हार्प्सिकॉर्डचा सूर छेडला की विरायला लागतो आणि रेकॉर्डरला फुंकेचा जोर वाढवून आवाज मोठा करता येत नाही, कारण लगेच सूर चढतो. म्हणजे वाक्य कुठे फुगलं, कुठे ओसरलं, हे ऐकवायची बरीचशी जबाबदारी खालच्या गजावर येते. ब्रुखनने श्वास घेतला की बायल्स्माचा गज उचललेला असायचा, आणि वरची सुरावट अडखळल्यासारखी थबकली की खालचा सूर किंचित उशिरा पडायचा. त्या काळच्या परीक्षणांत सगळं लक्ष ब्रुखनकडे आणि त्याच्या फॅशनेबल मोकळेपणाकडे. चेलोच्या वाट्याला फार तर एखादं वाक्य. साथीदाराच्या वाट्याला काय येतं हे आपल्याकडच्या मैफिलींना जाणाऱ्यांना सांगायला नको.

वाद्याबद्दल थोडं सांगायला हवं. बरोक चेलोला खाली टेकवायचा खुंट नसतो, तो पोटऱ्यांमध्ये धरावा लागतो. तारा स्टीलच्या नव्हे, आतड्याच्या, म्हणजे आपल्या सारंगीला असते तशी तात. गज बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेला आणि टोकाकडे हलका. त्यामुळे प्रत्येक ओढ जोरात सुरू होऊन आपसूक मावळते. आधुनिक गजाचं कौशल्य ही मावळ झाकण्यात असतं. बायल्स्माने ती झाकली नाही, उलट तिच्यातून शब्द काढले.

1979 च्या सुइटमध्ये लोकांनी ऐकलं ते हेच. ऐतिहासिक वाद्यावर या सुइट वाजवणारा तो पहिला नव्हे. निकोलाउस हार्नॉनकूरने साठच्या दशकातच त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. तरीही ‘पहिला’ हा मान अनेकदा बायल्स्माच्या गळ्यात पडतो, याचं कारण मला वाटतं त्याच्या वाजवण्यातलं बोलकेपण. कासाल्सने 1936 ते 1939 दरम्यान या सुइट ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हापासून त्या देवळात ऐकाव्यात तशा भारदस्त झाल्या होत्या. बायल्स्माकडे या नृत्यमालिका पुन्हा नाच झाल्या. व्हेनिसच्या मात्तेओ गोफ्रिलेरचा जुना चेलो, सहाव्या सुइटला पाच तारांचा लहान चेलो, आणि सुराची पट्टी आजच्यापेक्षा अर्ध्या सुराने खाली.

समीक्षकांच्या लिहिण्यात तेव्हापासून एक शब्द चिकटला: अस्सल. बाखच्या काळी असंच वाजत असणार, असा त्याचा रोख. मला हे कौतुक तोकडं वाटतं. बाखच्या हातची या सुइटची प्रतच उरलेली नाही. आपल्याकडे जी मुख्य प्रत आहे ती त्याची दुसरी बायको आना माग्दालेना हिने उतरवलेली. स्वर कोणते एका गजात बांधायचे हे दाखवणाऱ्या कमानी तिच्या प्रतीत हवेत तरंगल्यासारख्या आहेत. कुठे सुरू झाली, कुठे संपली, कळत नाही, आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन मात्रागटांवर दोन वेगळ्या. पिढ्यान्‌पिढ्या संपादकांनी हा तिचा गबाळेपणा मानून कमानी सरळ केल्या. बायल्स्मा म्हणाला, तिने उगाच तसं काढलेलं नाही, वाजवून तर बघा. पहिल्या सुइटच्या प्रिल्यूडमध्ये एकाच वळणाचे सोळा-सोळा सूर ओळीने येतात. आधुनिक पाठांत ते समान तुकड्यांत कापलेले असतात. बायल्स्मा ते वेडेवाकडे बांधतो, एकदा तीन, एकदा जास्त, मध्येच सुटा. तसं केलं की गज कधी उलट्या दिशेला अडकतो, वजन भलत्या सुरावर पडतं, आणि यंत्रासारखी फिरणारी नक्षी एकदम कुणीतरी सांगत असल्यासारखी वाटते. 1998 मध्ये याच विषयावर त्याने स्वतःच पुस्तक काढलं. त्याच्या नावात बाखला तलवारबाजीचा उस्ताद म्हटलंय आणि उपशीर्षकात पहिल्या तीन सुइटचं ‘मोठ्याने वाचन’. यात इतिहासापेक्षा कानाची हौस जास्त आहे.

1992 मध्ये त्याने सुइट दुसऱ्यांदा केल्या. या वेळी हाती होता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतला, 1701 चा, ‘सेर्वे’ नावाने ओळखला जाणारा स्ट्रादिवारी चेलो. त्या काळी पुष्कळ मोठे चेलो नंतर कापून लहान केले गेले, हा त्यातून वाचला. आवाज रुंद, खर्ज भरदार. इथे समीक्षकांत दुफळी झाली. काहींना हे वाजवणं पिकलेलं वाटलं, काहींना पहिल्याची चपळाई हरवल्यासारखी. माझं मत दुसऱ्या बाजूचं. इतका सुंदर आवाज हाताशी असला, की माणसाला तो ऐकवायचा मोह होतोच, आणि मोठ्याने वाचणाऱ्याने आवाजाच्या प्रेमात पडू नये.

त्याच सुमारास, सुइटच्या मानाने कमी बोलबाला होऊन, त्याची मला सर्वांत आवडती कामं झाली. पत्नी व्हेरा बेट्स व्हायोलिनवर, युर्गेन कुसमाउल व्हिओलावर, खाली बायल्स्मा. या तिघांच्या भोवती जमणाऱ्या संचाला त्यांनी ‘लार्किबुदेल्ली’ हे नाव दिलं होतं, गज आणि आतडी या दोन इटालियन शब्दांना एकत्र करून. गरजेप्रमाणे संच वाढायचा. मोझार्टचा मोठा त्रयी-दिव्हर्तिमेंतो, बेथोव्हेनची त्रिकुटं, शुबर्टचं दोन चेलोंचं पंचक, ब्राम्सची षट्कं. ब्राम्सपर्यंत तातीच्या तारा नेणं तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटलं होतं. पण ऐकताना ब्राम्सचा तो प्रसिद्ध दाटपणा विरळ होतो, सहा जण सहा वेगळ्या गोष्टी बोलताहेत हे कळतं. मोझार्टच्या त्रयीत तर बायल्स्मा खालून जे करतो ते साठच्या दशकातल्या सोनाटांतलंच: व्हायोलिनने सुरावट संपवायच्या आधी तो ती पुढे ढकलतो किंवा अडवतो. परीक्षणांत ‘एकजीव’ असं कौतुक झालं. मला ते एकजीव वाटत नाही. ते तिघं सतत एकमेकांचं बोलणं तोडताहेत, आणि हीच त्यातली गंमत.

बोक्केरिनीसाठीही त्याने खूप खपून काम केलं. हा लुक्काचा चेलोवादक-संगीतकार एरवी एका मेन्युएटपुरता लोकांना माहीत. त्याचे सोनाटे वाजवताना बायल्स्माने साथीला केनेथ स्लोविकचा दुसरा चेलो घेतला, आणि तिथे तो स्वतः वरच्या बाजूला बसला. आयुष्यभर खर्ज सांभाळलेल्या माणसाला वरून कसं बोलायचं हे नेमकं माहीत होतं. स्लोविकला तो भरपूर जागा सोडतो.

नंतरची वर्षं त्याची वादनापेक्षा शिकवण्यात आणि लिहिण्यात गेली. बाखच्या एकल व्हायोलिनरचनांवरही त्याने पुस्तक लिहिलं. त्याच्याकडे शिकलेल्या पीटर विस्पेलवेने सुइट तीनदा ध्वनिमुद्रित केल्या. 2012 च्या तिसऱ्या वेळी त्याने पट्टी गुरूपेक्षाही खाली, 392 हर्ट्झवर नेली, आणि काही नाच इतके चपळ घेतले, की ते ऐकून बायल्स्माचा 1979 चा गज सभ्य वाटायला लागतो.