सरडगुहिऱ्याचा मिटलेला डोळा

गेल्या आश्विनात आमचा धाकटा पुतण्या काटोलच्या रस्त्याने नागपुरास परत येत असता, वाटेत डांबरी सडकेच्या मधोमध एक हिरवा प्राणी एकेक पाऊल तोलून टाकीत चालला होता. मोटारीखाली सापडेल म्हणून चिरंजीवांनी त्यास जेवणाच्या रिकाम्या डब्यात घातले आणि थेट घरी आणले. तो सरडगुहिरा होता. कोणी त्यास घोयरा सरडाही म्हणतात. घरात अर्थातच एकच गिल्ला झाला. धाकट्या काकू म्हणाल्या, ‘‘विषारी असतो तो, बाहेर ठेवा आधी!’’ आजींना मात्र नृगराजाची आठवण झाली. दान दिलेली गाय चुकून पुन्हा दान दिल्यामुळे तो राजा सरडा होऊन विहिरीत पडला व श्रीकृष्णाच्या हस्तस्पर्शाने उद्धरला, ही कथा त्यांनी मुलांस त्याच रात्री सांगितली. आणि त्या कथेच्या बळावर पाहुण्यास माडीवर जुन्या माशांच्या काचपेटीत जागा मिळाली. काकूंच्या समाधानासाठी येथेच सांगितले पाहिजे की, हा प्राणी मुळीच विषारी नाही. त्याच्या चाव्याने फार तर बोटास चिमटा बसतो.

पहिले चार दिवस मुले पेटीपासून हलेनात. त्यांस मौज वाटे ती रंगापेक्षा डोळ्यांची, आणि ती वाटण्यासारखीच आहे. या प्राण्याच्या पापण्या एकमेकींस जुळून डोळ्यावर एक खवलेदार शंकूच तयार झालेला असतो, व त्याच्या टोकाशी बाहुलीपुरतेच लहान भोक असते. हा शंकू सर्व बाजूंस फिरतो, आणि डावा पुढे पाहत असता उजवा खुशाल मागे पाहू शकतो. भक्ष्य दिसले म्हणजे दोन्ही डोळे त्यावर रोखले जातात व शरीराहूनही लांब अशी जीभ बाणासारखी सुटते. भक्ष्य किती अंतरावर आहे हे त्यास कसे कळते, याचा उलगडा १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी झाला. सरड्याच्या डोळ्यांपुढे भिंगे बसविली असता त्याच्या जिभेचा नेम ठराविक रीतीने चुकू लागला. आपण दोन डोळ्यांच्या चित्रांची तुलना करून जवळचे अंतर जोखतो. तो मात्र छायाचित्रकाराप्रमाणे भिंग जुळवून अंतर मापतो. ज्या जीवाचे सारे पोट असे नेत्रावर अवलंबून, त्याचा डोळा बिघडला म्हणजे काय होत असेल, हे आम्हांस पुढच्याच आठवड्यात पाहावयास मिळाले.

आठव्या दिवशी सकाळी त्याचा उजवा डोळा मिटलेला दिसला. दुसऱ्या दिवशी दोन्ही. नाकतोडा पुढे बसलेला असूनही जीभ निघेना. मग घरातील वैद्यकी सुरू झाली. वहिनींनी गुलाबपाण्याची चूळ कापसाने फिरवावी असे सुचविले. मधल्या काकांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली औषधाची बाटली काढली. सुदैवाने ती डोळ्यात पडण्यापूर्वी आमच्या परिचयाच्या एका पशुवैद्यांस दूरध्वनी करण्याची बुद्धी झाली. त्यांनी बाटलीवरचे नाव वाचून दाखवावयास सांगितले व मग काय ते ऐकविले. त्या औषधात स्टिरॉइड होते, आणि बुबुळावर जखम असल्यास त्याने ती चिघळून डोळा कायमचा जाण्याची भीती असते. पुढे त्यांनी एकच प्रश्न केला, ‘‘पाणी कसे देता?’’

पाणी आम्ही वाटीत देत होतो, तेही रोज बदलून! परंतु हा प्राणी वाटीतील स्थिर पाणी बहुधा ओळखतच नाही. पानावर ठिबकणारे दव व पावसाचे थेंब चाटून तो तहान भागवितो. आठ दिवस स्वच्छ पाण्याच्या वाटीशेजारी तो तहानलेला बसला होता. देहातील पाणी आटले म्हणजे डोळ्यांचे शंकू आत खचतात, डोळ्यातील ओलावाही कमी होतो, आणि एरवी जो तो डोळा फुगवून, फिरवून आतला कण स्वतःच धुऊन काढतो, ते त्यास साधेनासे होते. काचपेटीत हवा खेळत नव्हती हा दुसरा दोष. दिवसा डोळे मिटून बसणे हे या जातीत झोपेचे नव्हे, तर आजाराचे चिन्ह होय. आणि तो आजार पुष्कळदा डोळ्याचा नसून त्यास ठेवण्याच्या रीतीचा असतो, हे आम्हांस तेव्हा प्रथम कळले.

परदेशांत येमेन व मादागास्करकडील जाती हौसेने पाळतात, त्यांच्या डोळ्यांच्या तक्रारींची कारणेही बहुतेक पिंजऱ्यातच सापडतात. त्यांतील मोठे कारण अ-जीवनसत्त्वाची उणीव. माणसास या उणिवेने रातांधळेपणा येतो हे आपण जाणतो. सरड्यांत डोळ्यांची व अश्रुपिंडांची आतली अस्तरे जाड व कोरडी होतात, पापण्या सुजतात, आणि जिभेची पकडही ढिली पडते. रानात त्यास नाना झाडांवर वाढलेले नाना किडे मिळतात. पिंजऱ्यात बारा महिने एकाच जातीचा रातकिडा, तोही उपाशी. म्हणून जाणते लोक आधी किड्यांस पालेभाजी चारतात व मग ते सरड्यास घालतात. जीवनसत्त्वाचे औषध मात्र पशुवैद्याने ठरविलेल्या मात्रेतच द्यावे. अधिक मात्रेने कासवांची कातडी सोलवटून निघालेली आढळते. अतिनील किरणांचा दिवा फार जवळ टांगल्यासही बुबुळ भाजते व डोळे मिटतात. कधी कात टाकताना पापणीच्या भोकाशी कातडीचा तुकडा अडकून राहतो. तो नखाने ओढू नये. आणि जंतूंमुळे सूज आलीच तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसून चक्क्यासारखा घट्ट होतो, म्हणून तो थेंबांनी वाहून जात नाही, शस्त्राने काढावा लागतो. हे काम घरचे नव्हे.

असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे त्यांची नोंद करणे आवश्यक आहे, एवढे सांगून आम्ही आमच्या अपराधाकडे वळतो. भारतात सरडगुहिऱ्याची ही एकच जात, आणि तिला १९७२ च्या त्या कायद्याचे संरक्षण आहे. ती धरणे व घरी ठेवणे हा गुन्हा होय. घरात तीन पदवीधर असून हे एकासही ठाऊक नव्हते, हे कबूल करावयास आम्हांस संकोच वाटतो. पशुवैद्यांनी ते सौम्य शब्दांत सांगितले व वनखात्याचा १९२६ हा क्रमांक दिला. आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनखात्याचे वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे, ही गोष्टही आम्हांस तेव्हाच समजली. आजवर त्या टेकडीवर आम्ही फिरावयास मात्र शेकडो वेळा गेलो होतो!

सरडा न्यावयास माणसे आली तेव्हा पुतण्या खाली उतरेना. त्याने जीव वाचविला असे त्यास वाटत होते, आणि ते खोटेही नव्हते. सडकेवरून उचलून तो कडेच्या बाभळीवर ठेवला असता तर सारेच नीट झाले असते. मादीस अंडी घालावयास जमिनीत खळगा खणावा लागतो व त्यासाठी झाडावरून उतरावे लागते. आमची पाहुणी तशीच निघालेली असेल काय, असे त्याने वनरक्षकास जिन्यातूनच विचारले. त्यांनी डबा उघडून पाहिले व पोट सपाट आहे, नर असावा, असे सांगितले, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

पंधरा दिवसांनी आम्ही चौकशी केली. पानांवर पाण्याची फवार सुरू केल्यावर डावा डोळा तिसऱ्या दिवशी उघडला, उजवा आठवड्याने. स्वतः जिभेने किडे टिपू लागल्यावर त्यास रानात सोडले, असे कळले. काचपेटी माडीवर रिकामीच आहे. आजी तीत आता तुळशीची रोपे करणार म्हणतात.