पडद्यावरचा गळा

बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ १ जानेवारी १९६४ रोजी मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या स्टुडिओतून सुरू झाला आणि ३० जुलै २००६ पर्यंत दर आठवड्याला चालला. खपाच्या यादीत वर चढणारी गाणी गायकांनी येऊन सादर करायची, ही त्याची रीत. सुरुवातीला मात्र तबकडी वाजायची आणि गायक तिच्यावर ओठ हलवायचे. तबकडी लावणारी तरुणी कॅमेऱ्यात दिसायची, म्हणजे लपवाछपवी नव्हती. तरीही वादकांच्या हातातली वाद्यं मुकीच राहायची. १९६६ साली वादकांच्या संघटनेने याला विरोध केला आणि जॉनी पिअर्सन यांचा वाद्यवृंद साथीला बसू लागला. १९९१ मध्ये तर गायकाने स्टुडिओत प्रत्यक्षच गायचं, असा नियम झाला. गाण्याच्या कार्यक्रमाचं मोल कशात आहे, ते या बदलांतून कळतं. गाणं समोर घडतं आहे की नाही, यावर सारं अवलंबून असतं.

हा निकष हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या गावाला नवा नाही. मराठवाड्यात सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकारांसोबत गायनाचार्य आणि मृदंगाचार्यांचीही नावं छापतात. अभंगाचं चरण टाळकऱ्यांनी उचललं, चाल चढत गेली, की श्रोत्यांना प्रत्येक गळ्याची ताकद कळते. संत नामदेवांचं नरसी ज्या जिल्ह्यात आहे, तिथला हा कान आहे. ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’चं २००८-०९ चं पर्व महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, त्याचं एक कारण मला यातच दिसतं. कमलेश भडकमकर यांच्या वादकांसोबत मुलं मंचावर गात होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, लातूरचा रोहित राऊत महाअंतिम फेरीत पोहोचला.

यावर कुणी म्हणेल, लोकांना ओळखीचं गाणं निर्दोष ऐकायचं असतं. स्टुडिओत आवाज बिघडला तर रसभंग होतो. पण निर्दोष मुद्रण श्रोत्यापाशी आधीच असतं, तेच पुन्हा दाखवायला कार्यक्रम कशाला हवा? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रत्यक्ष गायनाचा नियम आणूनही ‘टॉप ऑफ द पॉप्स’ बंद पडलाच. खरं आहे, संगीतवाहिन्या आणि इंटरनेटमुळे एका साप्ताहिक कार्यक्रमाची वाट पाहण्याची गरजच उरली नाही. मात्र त्याच बीबीसीवर १९९२ मध्ये सुरू झालेला जूल्स हॉलंड यांचा ‘लेटर’ हा प्रत्यक्ष वादन-गायनावर उभा असलेला कार्यक्रम ‘टॉप ऑफ द पॉप्स’ संपल्यावरही टिकून राहिला. प्रसारणाआधी संकलन होतंच, हेही मान्य. पण लांबी कापणं वेगळं आणि गळाच बदलणं वेगळं. म्हणून मराठी वाहिन्यांनी प्रत्येक गाण्याखाली ‘प्रत्यक्ष गायन’ किंवा ‘ध्वनिमुद्रित’ एवढं लिहावं, आणि गायकाइतक्याच ठळकपणे साथीदारांची नावं द्यावीत. गावातल्या सप्ताहाची पत्रिका हे काम करते. वाहिन्यांनाही ते जमायला हवं.